कारण क्रमांक सात

३ मार्च

प्रिय आत्या,

फोनवर तू "बरी आहे, तू कशी आहेस, ठेवते" ह्या तीन वाक्यांपलीकडे जात नाहीस. बाबा म्हणाले, पत्र लिही, पत्रात ती बोलते. बघू.

सध्या माझं काय चाललंय ते सांगते, कारण ह्या वेळी विषय तुझ्याच घरचा आहे. आमच्या संस्थेकडे बेकार भत्त्याच्या योजनेचा अभ्यास आलाय. भत्ता हवा तर दर आठवड्याला केंद्रात हजेरी लावायची, अर्ज केल्याचे पुरावे दाखवायचे, कार्यशाळेला बसायचं. हे सगळं तू बावीस वर्षं खिडकीच्या आतून पाहिलंस. आम्हाला शोधायचंय ते एवढंच, की ह्यानं माणसं खरोखर कामाला लागतात का.

कागदावर तरी लागतात. आणि सगळ्या केंद्रांत पहिला नंबर कोणाचा, तर तुमचा! शंभरातले साठ जण वर्षाच्या आत नोंदणीतून बाहेर. वाचून माझी कॉलर उगाचच ताठ झाली.

मग एका गोष्टीला अडले. फाइल बंद करताना तुम्ही कारण क्रमांक लिहायचात. नोकरी लागली की एक. दुसऱ्या केंद्रांत हे एक बरेच दिसतात. तुमच्याकडे मात्र साताची रांग. सात म्हणजे 'स्वतःहून नोंदणी सोडली'. मुख्य कचेरी एक आणि सात मिळवते आणि बेरजेला 'कामाला लागले' म्हणते. आपणहून भत्ता सोडला, म्हणजे काम मिळालंच असणार. हे 'असणार' मला काही पचेना. म्हणून सातवाल्यांतल्या सत्तर जणांची यादी चिठ्ठ्या टाकून काढलीय. पुढच्या आठवड्यापासून त्यांना घरी जाऊन भेटणार आहे.

तुला काही आठवतं का? लोक स्वतःहून का सोडायचे?

तुझी भाची


११ मार्च

चि. शंकासुरास,

लहानपणी तू घड्याळाला विचारायचीस, पाच वाजले हे तुला कोणी सांगितलं? अजून तेच चालू आहे, फक्त आता त्याचा पगार मिळतो. चांगलं आहे.

केंद्राचं काय सांगू? मोठा हॉल, चाळीस खुर्च्या, एका लोखंडी पट्टीला जोडलेल्या. एक उठला की अख्खी ओळ हलायची. मी दोन नंबरच्या खिडकीत. काचेला बोलायला भोकं पाडलेली होती, पण लोक कधी भोकांतून बोलले नाहीत. कागद सरकवायला खाली जी फट असते, तिथे वाकून बोलायचे. मी बावीस वर्षं माणसांच्या टाळू पाहिल्या.

कार्यशाळेचं एक सांगते, तुझ्या अहवालात घाल हवं तर. 'मुलाखतीला कसे बसावे' असा वर्ग होता. तीस वर्षं क्रेन चालवलेल्या एका माणसाला आम्ही खुर्चीत बसायला शिकवत होतो. तो मुकाट्यानं बसला. जाताना म्हणाला, "बाई, उठायचं कसं ते पुढच्या आठवड्यात का?"

साताचं विचारतेस. लोक सोडतात. कंटाळतात, जागा बदलतात, कोणाकोणाकडे राहायला जातात. प्रत्येकाची कारणं मी कुठून सांगू? जुन्या याद्या उकरून तुला धुळीशिवाय काही मिळायचं नाही. त्यापेक्षा बसचं वेळापत्रक आणि हजेरीच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून बघ. त्यात तुझा सगळा अभ्यास सापडेल.

दादाला सांग, गुडघा दुखतो म्हणून बसून राहू नकोस, चालत जा.

आत्या


६ एप्रिल

प्रिय आत्या,

आतापर्यंत एकतीस जण भेटले. त्यांतले चौघे कामावर आहेत. बाकीचे भावाकडे, मुलीकडे, कोणाच्या तरी माळ्यावर राहतात. कागदावर हे एकतीसही कामाला लागलेले आहेत.

एका बाईंची हकिगत तुला सांगायलाच हवी. कपड्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं वाफेच्या इस्त्रीवर होत्या. उजवं मनगट गेलं, काम सुटलं. दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई, आईचाही भत्ताच. तुझ्या केंद्रात बुधवारी नऊला हजेरी होती. मग त्यांच्या भागातली आठची बस बंद झाली आणि पुढची थेट दहाला. पहिल्या बुधवारी उशीर, दुसऱ्या बुधवारी उशीर, तिसऱ्या बुधवारी फाइल बंद. आता त्या पहाटे दोन दुकानांच्या फरश्या पुसतात. डाव्या हातानं.

मी विचारलं, शेवटच्या दिवशी काय झालं? म्हणाल्या, "काही नाही. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, सहा महिन्यांनी इकडून जाणं झालं तर डोकावून जा. हाकलायचं ते हाकलायचं, वर चेष्टा कशाला करायची?"

त्यांनी नोटीस जपून ठेवलीय. त्यावर सही तुझी आहे.

मी मूळ कागद मागवून घेतले. सत्तरच्या सत्तर फायली दोन नंबर खिडकीच्या. आमच्या प्रमुखांना मी लगेच सांगितलं, की ही सही माझ्या सख्ख्या आत्याची आहे. त्यांनी त्या फायली माझ्याकडून काढून दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिल्या. घरोघरी जाण्याचं काम तेवढं माझ्याकडे आहे.

आता सरळ विचारते, रागावू नकोस. आकडा चांगला दिसावा म्हणून वरून सांगणं होतं का? की केंद्रानं आपणच ठरवलं होतं? त्या बाईंनी नोंदणी स्वतःहून सोडली नव्हती. हे तुलाही ठाऊक होतं.

तुझी भाची


२१ मे

चि. भाचीस,

सहा आठवडे लिहिलं नाही. आजारी नव्हते. रागावले होते. आकडे फुगवणारी म्हणून तू मला ओळखलंस, ह्याचा राग आला. चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. हे पाचवं.

माझ्या खिडकीतल्या शेवटच्या वर्षांत आमच्या केंद्रापुरता कडक नियम आला, तीन हजेऱ्या चुकल्या की कारण चार लिहायचं. चार म्हणजे 'सहकार्य नाही'. चार लिहिलं की दोन वर्षं त्या माणसाला दार बंद, आणि त्याच घरात दुसऱ्या कोणाचा भत्ता असेल तर तो निम्मा. म्हणजे त्या इस्त्रीवाल्या बाईंच्या आईचाही. बस बंद झाली म्हणून म्हातारीचं निम्मं ताट काढायचं! मी पहिले काही महिने चार लिहिले. नियम होता, पगार घेत होते. एकदा एका माणसानं फटीतून आत पाहिलं आणि विचारलं, "माझ्या चुकीला बायकोला कशाला?" त्याच्या कागदावर मी सात लिहिलं.

शिक्का मारला आणि पुढचा नंबर लावला. सात लिहिलं की घरातल्या दुसऱ्याला धक्का नाही, आणि सहा महिन्यांनी त्या माणसाला परत नाव घालता येतं. ह्याहून जास्त मला त्या खुर्चीत करता येत नव्हतं. मग बसवाले, आजारी मूल असलेले, वाचता न येणारे, सगळ्यांना मी सात देत गेले. वरून कोणी काही सांगितलं नव्हतं. वर कळलं असतं तर माझीच फाइल बंद झाली असती.

सांगायची पंचाईत होती. नोटीस छापील, त्यात एक अक्षर वाढवता यायचं नाही. शेजारच्या खिडकीचे कान लांब. म्हणून मी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी इकडून जाणं झालं तर डोकावून जा. प्रत्येकाला तेच, त्याच आवाजात. मला वाटायचं, कळत असेल.

त्यानंतर तीन वर्षांनी मला वर दप्तरखान्यात बसवलं, तिथूनच निवृत्त झाले. परत कोण आलं, कोण नाही, ते मला दिसलं नाही. मनात धरून चालले होते की येत असतील. खोटं कशाला सांगू, त्याचा मला अभिमान होता. कोणाला सांगितलं नव्हतं, दादालासुद्धा नाही, पण होता.

तुझं पत्र काल पुन्हा काढलं. 'चेष्टा' ह्या शब्दापाशी थांबले. तिथून पुढे वाचवेना.

तुझ्याकडे यादी आहे. किती जण परत आले ते कळव. गोल गोल लिहू नकोस.

आत्या


२९ मे

प्रिय आत्या,

तीन.

सत्तरांपैकी अठ्ठावन्न जण सापडले. नऊ कामावर आहेत. पुन्हा नाव नोंदवलेले तीन, आणि त्यांतल्या दोघांना ते शेजाऱ्यांकडून कळलं. बाकीच्यांना वाटत होतं की दार कायमचं लागलं. त्यातल्या काहींना मी तुझं वाक्य म्हणून दाखवलं. बऱ्याच जणांना ते आठवत होतं. त्याचा अर्थ लागलेला एकच माणूस भेटला. तो पूर्वी स्वतः कचेरीत कारकून होता.

घरातल्या दुसऱ्यांचे भत्ते मात्र कापले गेले नाहीत. हे मी वेगळं मोजलं. सव्वीस घरांत दुसरा भत्ता होता आणि तो सव्वीसही घरांत शाबूत राहिला. इस्त्रीवाल्या बाईंच्या आईला शेवटपर्यंत पूर्ण मिळाला. मागच्या वर्षी त्या गेल्या.

आता दुसरी गोष्ट. तीही सरळच सांगते. तुमच्या केंद्राचा साठाचा आकडा बघून मुख्य कचेरीनं ठरवलंय, की तुमच्यासारखीच कडक हजेरी सगळ्या केंद्रांत लावायची. ठरावाच्या मसुद्यात तुमचं केंद्र 'आदर्श' म्हणून आलंय. त्या साठातले निम्म्याहून जास्त तुझे सात आहेत.

मी खरं लिहिलं तर तुझी चौकशी होऊ शकते आणि पेन्शन अडकू शकतं. जुने सात खोडून तिथे चार लिहा, असंही कोणी म्हणू शकेल. मोघम लिहिलं तर ठराव आहे तसा पुढे जाईल. प्रमुख म्हणाल्या, "आत्याला विचार. तिच्याशिवाय हा आकडा आपल्याला उलगडायचा नाही."

तर विचारते.

तुझी भाची


८ जून

चि. भाचीस,

लिही. 'एका कर्मचाऱ्याने' असं गुळमुळीत नको. दोन नंबर खिडकीवरची कारकून, असं लिही. सोबत माझा सहीचा जबाब जोडलाय. त्यात मी म्हटलंय की जुने सात सातच राहू द्यावेत, चूक लिहिणाऱ्याची आहे, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांची नाही.

पेन्शनची काळजी तू करू नकोस. मला फारसं लागतच नाही.

इस्त्रीवाल्या बाईंचा पत्ता तुला देता येणार नाही हे मला समजतं. मागत नाही. सोबत दुसरं पाकीट आहे, ते त्यांना पोचव. उघडून पाहिलंस तरी चालेल, त्यात नवीन काही नाही.

आत्या


९ जुलै

प्रिय आत्या,

समितीची बैठक झाली. तुझा जबाब वाचला गेला. एक सदस्य म्हणाले, "म्हणजे ह्या बाईंनी दया दाखवली आणि आम्ही त्याला यश समजलो?" अध्यक्षांनी पाणी मागवलं.

निर्णय असा झाला. हजेरीचा नियम सगळ्या केंद्रांना लागणारच, त्यात बदल नाही. सात ह्यापुढे 'कामाला लागले'मध्ये मोजायचे नाहीत. जुन्या फायलींना हात लावायचा नाही. नोटिशीवर एक ओळ वाढवायची, की पुन्हा नोंदणी अमुक तारखेपासून करता येईल. 'आदर्श' हा शब्द काढला. तुझ्याबद्दल काही नाही, फक्त 'निवृत्त आहेत' अशी नोंद. एवढ्या महिन्यांच्या अभ्यासातून एवढं हाती आलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे कमी आहे, पण प्रमुख म्हणतात की नेहमीपेक्षा जास्त आहे.

त्या बाईंचं उत्तर सोबत पाठवतेय. मी वाचलेलं नाही.

तुझी भाची


(सोबतचा कागद)

बाई,

तुमचं पत्र मिळालं. डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुम्ही वाईट नव्हता हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. आईचा भत्ता तुमच्यामुळे राहिला, ते मी मान्य करते. आईला तुम्ही आवडल्या असत्या. पण चार वर्षं मी फरश्या पुसल्या आणि माझाच काहीतरी दोष होता असं धरून चालले. तुम्हाला एक वाक्य सांगायचं होतं. तुम्ही दुसरंच सांगितलंत.

फरश्या पुसते त्यातलं एक दुकान बंद झालंय. मी परत नाव घालणार आहे, १७ तारखेला, बुधवारी. मागच्या वेळी नोंदणी का बंद झाली ते खिडकीत विचारतात म्हणे. ते मी का सांगू? तुम्ही या आणि सांगा.

इस्त्रीवाली


१८ जुलै

चि. भाचीस,

काल गेले होते.

साडेआठलाच पोचले. हॉल तोच, खुर्च्या त्याच. मी ओळीच्या टोकाला बसले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की शेजारी बसलेली बाई माझ्याकडेच बघतेय. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. "आलात तर," एवढंच म्हणाली. मी समोरून तिचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. माझ्याहून वयानं बरीच लहान आहे. मला ती म्हातारी आठवत होती, का ते माहीत नाही.

नंबर लागला तो दोनच्याच खिडकीवर. आत एक मुलगी होती, फार तर तुझ्या वयाची. तिनं नाव, जन्मतारीख, पत्ता घातला, आणि मग विचारलं, "मागची नोंदणी बंद होण्याचं कारण?"

इस्त्रीवाली बाजूला सरकली आणि तिनं मला जागा करून दिली.

मीही इतरांसारखी फटीशी वाकले. मग सरळ झाले. काचेतून आवाज जायचा तर मोठ्यानंच बोलावं लागतं. मी म्हटलं, "ह्यांची बस बंद झाली होती म्हणून हजेऱ्या चुकल्या. मी तेव्हा इथे बसत होते. बस बंद झालेली मला माहीत होती. मी सात लिहिलं. सहा महिन्यांनी परत या हे ह्यांना स्पष्ट सांगितलं नाही. चूक माझी."

मुलगी संगणकाकडे बघत राहिली. म्हणाली, "मावशी, ह्या चौकटीत वीसच अक्षरं बसतात."

"मग काय लिहिणार?"

तिनं जरा विचार केला. "'कचेरीची चूक' लिहू?"

इस्त्रीवाली पुढे झाली. "लिहा. आणि मला दाखवा."

मुलीनं पडदा आमच्याकडे वळवला. इस्त्रीवालीनं तो वाचला, मग पुन्हा वाचला. तोवर मागे खुर्च्यांची ओळ हलायला लागली होती. एक माणूस उठून आला आणि मला विचारू लागला, "सहा महिन्यांनी खरंच येता येतं का हो? माझ्या भावाची दोन वर्षांपूर्वी बंद केली." त्याच्यामागे आणखी दोघी आल्या. मी म्हटलं, "नोटीस आणून दाखवा, सात असेल तर येता येतं." केंद्रप्रमुख आतून बाहेर आले. माझ्याच हाताखाली शिकलेले आहेत. हळूच म्हणाले, "बाई, इथे गर्दी करू नका." मी म्हटलं, "मी गर्दी करत नाहीये, उत्तर देतेय." ते परत आत गेले. सहा महिन्यांचा नियम त्यांनाही पाठ आहे, कारण तो मीच शिकवला होता.

पावती मिळाली. बाहेर पायऱ्यांवर ती थांबली. मला वाटलं, आता काही बोलेल, निदान राग तरी काढेल. तिनं पावतीची घडी घालून पिशवीत ठेवली आणि विचारलं, "चालायला येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"माझ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं आहे. त्यांचीही नोटीस तुमच्याच सहीची आहे. जिना चढून यावं लागेल. मी बरोबर येणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

रविवारी जाणार आहे. तुझ्या यादीतली बाकीची माणसं तू मला सांगू नयेस, हे मला कळतं. मी यादी मागत नाही. काल हॉलमध्ये ज्यांनी विचारलं, त्यांनीच अकरा जणांची नावं दिलीत.

आत्या